कोणाचं काय राहिलंय? भयपट पाहायला नव्यानं बसणाऱ्यांसाठी

दहाव्याला घाटावर पिंड मांडून झालेला असतो. कावळे समोरच्या झाडावर बसलेले दिसतात, पण एकही खाली उतरत नाही. पाच मिनिटं जातात, दहा जातात. मग कोणीतरी हळूच म्हणतं, "काहीतरी राहिलंय." एकेक जण पुढे होतो, हात जोडतो आणि सांगतो, "धाकटीचं लग्न आम्ही नीट करून देऊ", "गावचं घर विकणार नाही", "आईला अंतर देणार नाही". आपल्यापैकी बहुतेकांनी हे कधी ना कधी पाहिलेलं असतं. याला कोणी भयकथा म्हणत नाही, पण चांगल्या भयपटाचा सगळा ऐवज त्या पंधरा मिनिटांत असतो. गेलेला माणूस आहे, मागे उरलेले आहेत, आणि मध्ये एक न फिटलेली गोष्ट आहे.

माझी एक मावसबहीण पंचेचाळिशीत मला म्हणाली, "मला कौटुंबिक सिनेमे आवडतात, भयपट झेपत नाहीत. पण सगळे एवढं बोलतात तर एकदा बघायचेत. कुठून सुरू करू?" तिला जे सांगितलं तेच थोडं वाढवून इथं लिहितो आहे. भयपट हा कौटुंबिक सिनेमाचाच सख्खा भाऊ आहे, फक्त तो रात्रीचा जागा असतो, हे तिला पटायला चार सिनेमे लागले.

पायरी पहिली: आपल्याला नेमकं काय झेपत नाही ते ठरवा

"मला भीती वाटते" हे फार ढोबळ झालं. दचकणं वेगळं, घाबरणं वेगळं आणि किळस वाटणं आणखी वेगळं. एखाद्याला रक्त चालतं पण लहान मुलाला इजा झालेली बघवत नाही. एखाद्याला भुतांचं काही वाटत नाही, पण बंद खोलीत अडकलेला माणूस पाहिला की छाती दडपते. माझ्या बहिणीला अचानक अंगावर येणारा आवाज सहन होत नव्हता, बाकी सगळं चालत होतं. एवढं कळल्यावर निम्मं काम झालं, कारण तेवढ्यासाठी दचकवणं हाच धंदा असलेले सिनेमे बाजूला ठेवले की पुरतं.

प्रमाणपत्राकडेही बघा. 2024 पासून आपल्याकडे यूए गटाचे 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग झाले आहेत, त्यामुळे घरात मुलं असतील तर अंदाज घेणं सोपं झालंय. पण प्रमाणपत्र रक्ताचा आणि शिव्यांचा हिशेब देतं, मनाला किती लागेल याचा नाही. त्यासाठी आधी पाहिलेल्या माणसाला विचारावं. गोष्ट विचारू नका, फक्त "यात अमुक आहे का?" एवढंच विचारा.

पायरी दुसरी: पहिला सिनेमा भुताशिवायचा घ्या

हे ऐकून बहीण हसली होती. पण मी तिला सुरुवातीला महेश मांजरेकरांचा 'काकस्पर्श' (2012) बघायला सांगितला. तिनं तो आधी पाहिलेलाच होता, आणि तिच्या लेखी तो पूर्ण कौटुंबिक सिनेमा. मी म्हटलं, परत बघ, आणि या वेळी भयपट समजून बघ.

कोकणातलं ब्राह्मण घर. धाकट्या भावाचं लग्न होतं, आणि संसार सुरू व्हायच्या आतच तो जातो. पिंडाला कावळा शिवत नाही. थोरला भाऊ हरी पिंडाजवळ जाऊन काहीतरी पुटपुटतो, आणि कावळा शिवतो. तो काय म्हणाला हे घरात कोणाला कळत नाही. पुढची कितीतरी वर्षं ते घर त्या एका न ऐकलेल्या वाक्यावर चालतं. धाकट्याची विधवा उमा मोठी होत जाते, हरी तिच्याशी असा का वागतो हे कोणाला उमगत नाही, आणि मेलेला माणूस एकाही दृश्यात न येता सगळ्यांच्या पानात वाढून घेत असतो. सचिन खेडेकर आणि प्रिया बापट यांच्यामधलं अंतर बघा. खोलीत दोघंच असतात, पण तिसऱ्याला जागा सोडल्यासारखे उभे राहतात.

इथं पांढऱ्या साडीतली बाई नाही, कर्रकर्र वाजणारं दार नाही. पण "कोणाचं काय राहिलंय?" हा प्रश्न पहिल्या काही मिनिटांतच मांडला जातो आणि शेवटपर्यंत सुटत नाही. हाच प्रश्न घेऊन पुढच्या प्रत्येक सिनेमाला बसायचं.

आपल्या आज्ज्यांना हे आधीच ठाऊक होतं. मराठीत भुतांची नावं बघा. मुंज झाली पण लग्नापर्यंत पोचलाच नाही तो मुंजा. बाळंतपणात गेली ती अळवंतीण किंवा हडळ. नवरा मागे ठेवून सवाष्ण गेली ती जखीण. वारस नसलेला, धनावर जीव अडकलेला तो समंध. गावोगावी फरक आहेत, एका गावची हडळ दुसऱ्या गावी जखीण होते, पण नाव ठेवायची रीत तीच. ते भूत दिसतं कसं हे त्या नावात नसतं, त्याचं काय अर्धवट राहिलं हे असतं. आदित्य सरपोतदारांचा 'मुंज्या' (2024) हसतखेळत चालतो, घाबरट माणसालाही झेपतो, पण त्याच्या मुळाशी लग्नाचा हट्ट अपुरा राहिलेलं पोरच आहे.

पायरी तिसरी: जुन्यापासून नव्याकडे या, पण सगळं जुनं बघायची गरज नाही

जुने भयपट आज तेवढे घाबरवत नाहीत, आणि नवशिक्याला तेच सोयीचं. भीती कमी असली की बांधणी दिसते.

पहिला 'महल' (1949). कमाल अमरोही यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा. सगळे मधुबालाकडे बघतात, त्यात चूक काही नाही. पण दुसऱ्यांदा बघाल तेव्हा अशोककुमारच्या लग्नाच्या बायकोकडे बघा. नवरा एका सावलीच्या नादी लागलाय आणि ही जिवंत बाई त्याच्या शेजारी बसून झिजते आहे. महालातल्या कुठल्याही झुंबरापेक्षा मला तीच जास्त अस्वस्थ करते. आणि 'आएगा आनेवाला'ची सुरुवात कान देऊन ऐका. आवाज लांबून जवळ येतो असं वाटावं म्हणून लता मंगेशकर मायक्रोफोनपासून दूर उभ्या राहिल्या आणि गात गात पुढे आल्या, असं त्या ध्वनिमुद्रणाबद्दल सांगतात. त्या काळात यंत्रात हे करायची सोय नव्हती, ते पायांनी केलं.

मग मराठीतला 'हा खेळ सावल्यांचा' (1976), वसंत जोगळेकरांचा. आशा काळे, काशिनाथ घाणेकर, आणि नरसूच्या भुताची धास्ती. 'रात्रीस खेळ चाले' हे सुधीर मोघे यांचं गाणं, हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि महेंद्र कपूर यांचा आवाज, हे सिनेमा न पाहिलेल्यांनाही पाठ असतं. मी हा सिनेमा लहानपणी मावशीकडे पाहिला आणि नंतर दोन रात्री परसाकडे एकटा गेलो नाही. मोठेपणी पाहिला तेव्हा भूत लहान झालं होतं आणि घर मोठं. भीती कोणाला वाटते आणि ती वाटण्यात फायदा कोणाचा, असं विचारत बघितला तर हा सिनेमा आजही खिळवून ठेवतो. कथा उघड करत नाही.

परदेशी जुन्यांमध्ये दोनच घ्या. हिचकॉकचा 'सायको' (1960) बहुतेकांना ऐकून माहीत असतो, आणि तेच वाईट, कारण सगळे न्हाणीघरातल्या दृश्याची वाट बघत बसतात. त्याआधीचा भाग बघा. पैशांअभावी लग्न अडलेली एक नोकरदार बाई चाळीस हजार डॉलर घेऊन पळते, आणि गाडी चालवताना मालक काय म्हणत असेल, सहकारी काय म्हणत असेल हे स्वतःच्याच डोक्यात ऐकत जाते. हे शुद्ध नाट्य आहे. तिचं इतकं काही मागे राहिलेलं असताना ती गोष्टीतून जाते, म्हणून धक्का बसतो. हिचकॉकनं त्या वेळी सिनेमा सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही असा नियम थिएटरांना घातला होता. घरीही तो पाळा. "तुम्ही सुरू करा, मी भाजी टाकून येते" हे चालणार नाही.

दुसरा जॅक क्लेटनचा 'द इनोसंट्स' (1961). एकाकी वाडा, दोन अनाथ मुलं, त्यांना शिकवायला आलेली बाई. सुरुवातीला पडदा पूर्ण काळा असतो आणि नुसतं एका मुलीच्या आवाजातलं गाणं ऐकू येतं. माझ्या बहिणीनं दोनदा वायर तपासली. टीव्ही बिघडलेला नसतो, थांबा. छायालेखक फ्रेडी फ्रान्सिसनं रंगवलेल्या काचा लावून चित्राच्या कडा काळवंडून टाकल्या होत्या, त्यामुळे रुंद पडदा असूनही सगळं मेणबत्तीच्या उजेडाएवढंच वाटतं. भूत खरं की त्या बाईच्या मनातलं, यावर घरात भांडण होऊ द्या. उत्तर शोधायला इंटरनेटवर जाऊ नका.

रामसे बंधूंबद्दल कोणी विचारलं तर 'पुराना मंदिर' (1984) एकदा मित्रांच्या घोळक्यात बघावा. तिथं राहिलेली गोष्ट म्हणजे शब्दशः मुंडकं आहे, आणि घराण्यातल्या बायका बाळंतपणात जातात असा शाप. म्हणजे वळण घेत घेत आपली अळवंतीणच.

पायरी चौथी: खोली आणि कान

दिवे बंद करा वगैरे सगळे सांगतात. मी उलट सांगतो. पहिले दोन-तीन सिनेमे दुपारी बघा, पडदे ओढून, पण बाहेर वर्दळ असताना. भीती कमी वाटली तर काही बिघडत नाही, आधी लक्ष द्यायची सवय लागू दे. मोबाइल मात्र दुसऱ्या खोलीत ठेवायचा. भयपटात शांत जागा मुद्दाम पेरलेल्या असतात, आणि माणूस नेमका तिथंच मोबाइल उचलतो. मग पुढे अर्ध्या तासानं "यात एवढं काय आहे?" म्हणतो. शांतता ऐकलीच नाही तर आवाजाला किंमत कुठून येणार? कुकरच्या शिट्ट्यांची वेळही टाळा. मी हे अनुभवानं सांगतोय.

आवाज जास्त झाला की भीती वाटते हा समज एका प्रयोगानं मोडता येतो. 'सायको'तलं न्हाणीघराचं दृश्य जेमतेम पाऊण मिनिटाचं आहे, चित्रीकरणाला सात दिवस लागले होते. ते एकदा आवाज बंद करून बघा, एकदा आवाजासकट. हिचकॉकला तिथं आधी संगीतच नको होतं. बर्नार्ड हरमननं तरीही ते रचलं, आणि ऐकल्यावर हिचकॉकनं मत बदललं. त्या सगळ्या सिनेमाला फक्त तंतुवाद्यं आहेत, ढोल नाही की तुतारी नाही. घाबरायला लागलात की डोळे मिटू नका, आवाज कमी करा. डोळे मिटल्यावर उरतो तो नुसता आवाज, आणि तोच जास्त छळतो.

दुसऱ्या भाषेतला सिनेमा मूळ आवाजात, खाली अक्षरं वाचत बघा. हिंदी डबिंगमध्ये श्वास, कण्हणं, दुसऱ्या खोलीतली कुजबुज सगळं एकाच पातळीवर येतं. रेवती आणि शेन निगम यांचा मल्याळम 'भूतकालम' (2022) हा आई-मुलाचा सिनेमा डबिंगमध्ये बघण्यात काही अर्थ नाही, त्या दोघांच्या न बोलण्यातच सगळं आहे.

पायरी पाचवी: आता 'तुंबाड', पण दोनदा

राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (2018) बहुतेकांनी पाहिलेला असतो, निदान 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा तरी. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आलेलं, कथेचं बीज नारायण धारपांकडून. हस्तर हा मात्र सिनेमावाल्यांनी रचलेला देव. कोकणात त्याचं देऊळ शोधायला जाऊ नका, लोक हसतील.

पहिल्यांदा गोष्टीसाठी बघा. दुसऱ्यांदा फक्त खाण्याकडे आणि भुकेकडे लक्ष ठेवा. कोण कोणाला भरवतंय, कोण उपाशी आहे, भिंतीपलीकडची म्हातारी कशानं गप्प बसते, कणकेची बाहुली कोण मळतंय. हस्तरला सोनं मिळालं आणि धान्य नाकारलं गेलं. त्याचं राहिलंय ते एवढंच, आणि सिनेमाचा नायक विनायकराव, त्याच्याकडे नेमकं उलटं आहे: पोट भरलंय, पण थांबता येत नाही. बाप मुलाला शिकवतो ते दृश्य तिसऱ्यांदाही बघण्यासारखं आहे. आपल्याकडे वडील मुलाला गाडी शिकवतात, दुकान शिकवतात, त्याच सुरात तो त्याला लंगोटातली नाणी ओरबाडायला शिकवतो. मला त्या गर्भगृहातल्या प्राण्याची भीती वाटली नाही. मुलाच्या चेहऱ्यावर बापाला खूश करायची जी धडपड दिसते, तिची वाटली.

आणि पाऊस बघा. पंकज कुमारच्या कॅमेऱ्यानं पकडलेला हा पाऊस गाण्यातला नाही, बुरशीचा आहे. कपडे वाळत नाहीत, लाकूड फुगतं, तसा.

पायरी सहावी: नवे परदेशी, सांभाळून

इथं क्रम महत्त्वाचा. आधी हिदेओ नाकाताचा जपानी 'डार्क वॉटर' (2002). घटस्फोटाच्या भांडणात मुलीचा ताबा टिकवायला धडपडणारी आई स्वस्तातल्या जुन्या इमारतीत राहायला येते. छतावर ओलीचा डाग, तो रोज वाढतो. तक्रार केली तर इमारतीचा माणूस उडवाउडवी करतो. सोसायटीत राहणाऱ्या कोणालाही हा सिनेमा समजावून सांगावा लागत नाही. वरच्या मजल्यावरून गळतंय आणि वर कोणी राहतच नाही, यापेक्षा भयंकर आपल्या आयुष्यात काय होणार? पण खरी भीती दुसरीच आहे. ती बाई मुलीला शाळेतून आणायला उशिरा पोचते, आणि "चांगली आई नाही" हे वाक्य न्यायालयात कोणीतरी म्हणेल या धास्तीत तिचा दिवस जातो. भूत त्या जखमेवरच बोट ठेवतं.

त्यानंतर जेनिफर केंटचा ऑस्ट्रेलियन 'द बाबादूक' (2014). प्रसूतीसाठी दवाखान्यात जाताना अपघातात नवरा गेलेला, त्यामुळे मुलाचा वाढदिवस आणि नवऱ्याचा स्मृतिदिन एकच. सहा-सात वर्षं झाली तरी वाढदिवस त्या तारखेला साजरा झालेला नाही. पुढचं सांगायची गरज आहे?

अॅरी अॅस्टरचा 'हेरेडिटरी' (2018) सगळ्यात शेवटी. यात लहान मुलीच्या बाबतीत जे घडतं ते फार कठोर आहे, आणि पहिल्या पायरीवर तुम्ही मुलांची इजा झेपत नाही असं ठरवलं असेल तर हा सोडून द्या. सोडण्यात कमीपणा नाही. बघणार असाल तर जेवणाच्या टेबलावरचं भांडण बघा. टोनी कोलेट मुलावर ओरडते तेव्हा खोलीत ना भूत आहे ना अंधार, आणि तरी तिथून उठून जावंसं वाटतं.

सातवी, छोटीशी: रूपकाच्या मागे फार लागू नका

हल्ली कुठलाही भयपट पाहिला की लगेच म्हणतात, "ते भूत म्हणजे खरं तर दुःख आहे." बरं, असेल. पण भूत नुसतं दुःख असेल तर मग भूत कशाला? घाटावर बसलेला कावळा हा आपल्या अपराधी भावनेचं प्रतीक आहे असं तिथं कोणी म्हणत नाही. तो कावळा आहे, तो शिवत नाहीये, आणि ऊन चढतंय. चांगला दिग्दर्शक दोन्ही राखतो. दुःखही खरं आणि वरच्या मजल्यावरचं पाणीही खरं. ज्या सिनेमात भूत फक्त समजावण्यापुरतं येतं तो मला तरी पचत नाही, आणि पुरस्कार मिळालेल्यांतही असे बरेच आहेत.

एक अभ्यास मात्र जरूर करा. विशाल फुरियाचा मराठी 'लपाछपी' (2017) आणि त्यानंच केलेला हिंदी 'छोरी' (2021) लागोपाठच्या दोन शनिवारी बघा. दिग्दर्शक तोच, गरोदर बाई तीच, चहूबाजूंनी ऊस तोच, आणि राहिलेली गोष्टही तीच: जगू न दिलेल्या मुली. काय बदललं ते वहीत लिहा. भाषा बदलल्यावर सासुरवासाचा सूर बदलतो का, आणि 'लपाछपी'त पूजा सावंत ज्या म्हातारीसमोर उभी आहे तिचं गोड बोलणं तुम्हाला कोणाच्या बोलण्यासारखं वाटतं? बहिणीनं या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात दिलं होतं. ते नातं मी इथं लिहीत नाही, आमच्याकडे दिवाळीला सगळे जमतात.

शेवटची पायरी: सिनेमा संपल्यावर

श्रेयनामावली पूर्ण बघा. माणसांची नावं सरकताना दिसली की हे कोणीतरी केलेलं काम आहे हे मनाला पटत जातं. रंगभूषा कोणाची, आवाज कोणाचा, भूत झालेल्या नटाचं नाव काय, तेही वाचा. मग दिवा लावा, पाणी प्या आणि दोन ओळी लिहा: कोणाचं काय राहिलं होतं, आणि ते शेवटी फिटलं का. किती तारे द्यायचे ते लिहू नका. झोपायच्या आधी गॅस बंद आहे का ते बघा, म्हणजे स्वयंपाकघरापर्यंत एकदा जाऊन येणं होईल. माझी बहीण 'डार्क वॉटर' बघून त्या रात्री तशी स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आली होती. दुसऱ्या दिवशी तिनं मला न्हाणीघराच्या छताचा फोटो पाठवला आणि प्लंबरचा नंबर मागितला.